बाळंतीण घरी गेल्यावरची देखरेख: अ‍ॅप शेवटी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: आमच्या प्रसूती विभागातून घरी गेलेल्या बाळंतिणींवर दुरून देखरेख ठेवायची योजना आहे. प्रत्येकीला बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि मनगटी पट्टा द्यायचा, सगळे आकडे एका अ‍ॅपवर यायचे. कोणतं अ‍ॅप घ्यावं आणि काय काय मोजावं?

मी प्रसूतितज्ज्ञ आहे आणि गेली काही वर्षं असाच एक कक्ष चालवते. अ‍ॅपचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी कागद घ्या आणि लिहून काढा: रविवारी पहाटे तीन वाजता बीपीचं १६४/११२ असं धोक्याचं रीडिंग आलं, तर ते कोणाच्या फोनवर वाजणार, तो माणूस काय करणार आणि ती बाई कुठे जाणार? या तीन प्रश्नांना नावानिशी, नंबरानिशी उत्तरं देता येत नसतील तर यंत्रं वाटू नका. खरंच वाटू नका.

मी पूर्वी जिथे होते तिथे सुरुवात अगदी झोकात झाली होती. मोठा पडदा, प्रत्येक नावापुढे हिरवा, पिवळा, लाल ठिपका. एका सोमवारी सकाळी सिस्टरने पडदा उघडला तर शनिवारी रात्रीपासूनची एकीची चार लाल रीडिंग तशीच पडून होती. यंत्राने त्याचं काम केलं होतं आणि तिनेही तिचं. बघणारं मात्र कोणी नव्हतं. फोन केला तेव्हा ती म्हणाली, "डोकं दुखत होतं, पण मी आकडे पाठवत होते ना. काही असतं तर तुम्हीच फोन केला असता." तिला लगेच बोलावलं, औषध सुरू केलं, ती सुखरूप राहिली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. यंत्र दिलं नसतं तर डोकेदुखीला घाबरून ती शनिवारीच आली असती. आमच्या देखरेखीनेच तिला दोन दिवस घरी बसवलं होतं.

म्हणून पहिली व्यवस्था माणसांची. आम्ही नंतर रात्री आणि सुटीच्या दिवशी येणारे इशारे थेट प्रसूती कक्षाच्या फोनवर वळवले, कारण प्रसूती कक्षाला रविवार नसतो. तिथल्या सिस्टरच्या हाती लेखी नियम आहेत आणि त्या नियमांत राहून औषधाचा डोस बदलण्याची मुभा आहे. ही मुभा नसेल तर प्रत्येक आकडा डॉक्टरांच्या होकाराची वाट बघत बसतो.

आता कोणाला घ्यायचं. सगळ्यांना सगळं मोजायला लावण्याचा मोह होतो, तो आवरा. ज्या बायकांना गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी रक्तदाब वाढला होता, त्या पहिल्या. कारण साधं आहे. गरोदरपणात शरीरात साठलेलं पाणी प्रसूतीनंतर पेशींभोवतालच्या जागेतून परत रक्तात येऊ लागतं आणि बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात वर जातं. म्हणजे बहुतेक जणी घरी पोचलेल्या असतात तेव्हा. आपण डिस्चार्जच्या कागदावर १२६/८० लिहितो आणि खरी चढण त्यानंतर सुरू होते. 'सहा आठवड्यांनी दाखवायला या' ही जुनी पद्धत या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ज्यांचं बीपी वाढलं होतं त्यांची तपासणी सात ते दहा दिवसांच्या आत आणि फार वाढलं असेल तर ७२ तासांच्या आत करायला सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीतही प्रसूतीनंतर किमान २४ तास दवाखान्यात आणि मग ४८ ते ७२ तासांत, सात ते चौदा दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात अशा किमान तीन भेटी आहेत.

पण तान्ह्या बाळाला घेऊन चौथ्या दिवशी कोण येतं? फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात याचा रीतसर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०६ बायका, सगळ्यांना गरोदरपणाशी संबंधित उच्च रक्तदाब. निम्म्या जणींना नेहमीप्रमाणे तपासणीला यायला सांगितलं, निम्म्या जणींना बीपीचं यंत्र देऊन दोन आठवडे दिवसातून दोनदा मेसेजने आकडा कळवायला सांगितलं. पहिल्या दहा दिवसांत ज्यांचं एक तरी बीपी हाती आलं अशा बायका तपासणीच्या गटात ४४ टक्के होत्या, मेसेजच्या गटात ९२ टक्के. पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट दिसली. तपासणीच्या गटात कृष्णवर्णीय बायकांपैकी साधारण एक तृतीयांश आल्या आणि इतरांपैकी सत्तर टक्के. मेसेजच्या गटात हा फरकच उरला नाही. 'बायका बेफिकीर असतात' असं आपल्या बैठकांत कोणी म्हणालं की मी हे आकडे पुढे ठेवते. आणि हे सगळं साध्या मेसेजवर झालं.

ऑक्सफर्डचा एक अभ्यास २०२३ चा आहे. त्यात २२० बायका होत्या. घरी रोज बीपी मोजायचं आणि त्याप्रमाणे डॉक्टरांनी दुरूनच डोस कमीजास्त करायचा. प्रसूतीनंतर सुमारे नऊ महिन्यांनी, औषधं कधीच थांबलेली असताना, या गटाचं चोवीस तासांचं खालचं बीपी नेहमीच्या गटापेक्षा जवळपास सहा अंकांनी कमी भरलं. पहिल्या काही आठवड्यांतली नीट देखभाल पुढे महिनोन्‌महिने पुरते, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया (बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होण्याचा आजार) झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, ही गोष्ट डोक्यात ठेवून ते सहा अंक बघा.

आता मोजण्याकडे. बहुतेक योजना इथे घसरतात, म्हणून जरा रेंगाळते.

डिस्चार्जच्या सकाळी बाईला सांगा, "घरी मोजाल तसं मोजून दाखवा." सांगू नका, फक्त बघा. ती पलंगाच्या कडेला बसते, पाय लोंबकळतात, बाळ एका बाजूला पीत असतं, यंत्राचा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, कुर्त्याच्या बाहीवरून गुंडाळलेला असतो आणि ती शेजारच्या पलंगावरच्या बाईशी बोलत असते. १५१/९६. मग बाळ कोणाकडे तरी द्यायला सांगा. खुर्ची, पाठीला टेकू, दोन्ही पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. लघवीला जाऊन आलेली असावी. पाच मिनिटं गप्प. १३६/८६. या पंधरा अंकांत औषध वाढवायचं की नाही हे ठरतं, म्हणून तो अर्धा तास वाया गेला असं समजू नका. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे पाठवायचे. 'चांगला आला तो' पाठवायचा नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं.

कफ दंडाच्या घेराप्रमाणे हवा. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी खोटं वर दिसतं. यंत्र निवडताना ते गरोदर बायकांत आणि खास करून प्रीएक्लॅम्प्सियात तपासून पास झालेलं आहे का ते पाहा. अनेक स्वयंचलित यंत्रं प्रीएक्लॅम्प्सियात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, म्हणजे नेमकी जिथे चूक महागात पडते तिथे चुकतात. अशा तपासलेल्या यंत्रांची यादी स्ट्राइड बीपी या संकेतस्थळावर मिळते. मनगटी घड्याळात दिसणाऱ्या बीपीवर या बायकांचा निर्णय घेऊ नका. आणि यंत्र घरी जाण्याआधी वॉर्डातल्या यंत्राशी एकदा ताडून बघा.

(एक गंमत: एकीचं रीडिंग अचानक १७२/७४ आलं. धावपळ झाली, फोन केला. घरातल्या आजोबांनी आपलं बीपी मोजून घेतलं होतं आणि यंत्राने ते इमानेइतबारे पाठवलं होतं. तेव्हापासून 'हे यंत्र फक्त बाळंतिणीचं' असं आम्ही यंत्रावर चिकटवतो.)

आकड्यांचे नियम कमी ठेवा. वरचं १६० किंवा खालचं ११०, यांपैकी एक जरी गाठलं तरी पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं तर निघायचं. तिथून अर्ध्या ते एका तासात औषध अंगात गेलं पाहिजे, म्हणून ती पोचण्याआधी प्रसूती कक्षाला निरोप गेलेला असावा. १५०/१०० च्या वर टिकून राहिलं तर औषध सुरू करायचं किंवा वाढवायचं. १४०/९० च्या वर असेल आणि कुठलीही तक्रार असेल तर त्याच दिवशी तपासायचं. उलट बाजूही लिहून ठेवा: औषध चालू असताना बीपी १३०/८० च्या खाली राहू लागलं की डोस उतरवायचा. नाहीतर तीन आठवड्यांनी उठताना चक्कर येऊन बाई पडते, तेही बाळ हातात असताना. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालॅप्रिल ही औषधं अंगावर पाजताना घेता येतात हे प्रत्येकीला तोंडी सांगा. दुधातून बाळाला जाईल या भीतीने परस्पर गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, आणि त्या फोनवर 'हो, घेते' असंच सांगतात.

पण आकडा बरा आहे म्हणून तक्रार खोडू नका. पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांपैकी काही असेल तर १४२/९२ सुद्धा मला पुरेसं आहे. प्रीएक्लॅम्प्सियातले झटके (फिट्स) प्रसूतीनंतरही येतात, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, पण काही जणींना त्यानंतर काही आठवड्यांपर्यंतही. आणि त्यांतल्या काहींना गरोदरपणात बीपी कधीच नव्हतं. म्हणूनच यंत्र निवडक बायकांना दिलं तरी धोक्याच्या खुणांचा कागद आणि चोवीस तास उचलला जाणारा नंबर प्रत्येकीला द्यायचा.

विचारण्याची पद्धतही शिकावी लागते. "ठीक आहात ना?" या प्रश्नाला बाळंतीण "हो" म्हणते. ती दुखणं अंगावर काढते, कारण तिच्या लेखी घरातला पेशंट बाळ आहे. म्हणून असे प्रश्न विचारा ज्यांना 'हो' हे उत्तरच होऊ शकत नाही. काल रात्री किती उश्या घेऊन झोपलात? सकाळपासून किती पॅड बदलले, शेवटचा किती भिजला होता? टाक्यांची जागा आज कोणी पाहिली, कशी दिसली? उश्यांच्या प्रश्नाची गंमत वाटेल, पण आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून दोनाच्या तीन उश्या झालेल्या एका बाईचं हृदय कमजोर झालेलं आम्हाला त्यातूनच कळलं. बाळंतपणातला हृदयस्नायूंचा हा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढतो, आणि 'अशक्तपणा आहे' या नावाखाली सहज लपतो.

अंगावरून जाण्याचं मोजमाप पॅडवर करा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतो आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच, तर वाट बघायची नाही. इथे बीपीच्या यंत्राकडून आणखी एक काम करून घ्या, ते म्हणजे नाडी. यंत्र नाडीचा आकडा दाखवतं आणि कोणी तो बघत नाही. तरुण बाईचं शरीर रक्त गेलं तरी बीपी बराच वेळ सावरून धरतं, पण नाडी आधी पळू लागते. नाडीला वरच्या बीपीने भागा. ०.९ च्या पुढे गेलं तर सावध व्हा. नाडी ११२ आणि वरचं बीपी १०४ असेल तर दोन्ही आकडे वेगवेगळे फारसे भयानक वाटत नाहीत, भागाकार मात्र १.०८ येतो. याच हिशोबावर हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारं क्रेडल नावाचं यंत्र लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने तयार करून घेतलं, त्यात ०.९ ला पिवळा आणि १.७ ला लाल दिवा लागतो.

तापासाठी रोज थर्मामीटर लावायला सांगू नका. हुडहुडी भरली, अंग तापलं, स्रावाला घाण वास आला की मोजायचं, आणि ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर कळवायचं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तेही त्याच दिवशी, कारण रक्ताची गुठळी होण्याचा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो. ऑक्सिमीटर मी देत नाही. गडद त्वचेवर तो ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर गोंधळतो. आणि फुप्फुसात गुठळी असूनही आकडा ९७ येऊ शकतो. दम लागलेल्या बाईने तो ९७ बघून घरी थांबावं हे मला नको आहे. मनगटी पट्ट्याबद्दल एवढंच: बाळंतिणीची झोप तुटक आहे हे कळायला पट्टा लागत नाही.

मनाचं काय? प्रसूतीनंतरचं नैराश्य हेरणारी एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण शून्य ते तीस. फोनवर भरून घ्यायला सोपी. पण दोन पथ्यं पाळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पाठवू नका. त्या दिवसांत उगीच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. नंतरही टिकलं तर ते नैराश्य समजून पुढची पावलं उचला. दुसरं, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर त्याच दिवशी माणसाने बोललं पाहिजे. मध्यरात्री आपोआप प्रश्नावली धाडायची आणि उत्तर सकाळी दहाला उघडायचं, असं करणार असाल तर न पाठवलेली बरी.

फोन लावला की आधी विचारा, "आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?" फोन स्पीकरवर असतो, खोलीत चार माणसं असतात, कधी नंबरच तिचा नसतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच तिला एकटीला गाठून विचारून घ्या की हे मेसेज आणखी कोण वाचतं. मात्र एका आजारासाठी घरच्यांकडेच आपला नंबर हवा. हजारात एक-दोन जणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, प्रसूतीनंतरची मनोविकृती होते: दोन-दोन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, भलतंच बोलणं, कोणी बाळाला पळवून नेईल असा पक्का संशय. ती बाई स्वतः फोन करणार नाही. ही तातडीची वेळ आहे, बाईला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही.

आणि आता मी ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व देते ते: न आलेला आकडा. आमच्या पडद्यावर आता लाल ठिपक्यांच्याही वर गप्प बसलेल्यांची यादी असते. लाल आकडा पाठवणारी बाई निदान शुद्धीवर आहे, फोन तिच्या हातात आहे. जी पाठवत नाही तिचं काहीच माहीत नाही. एक वेळ चुकली तर मेसेज. चोवीस तास काहीच नाही तर माणसाने फोन करायचा. उचलला नाही तर डिस्चार्जच्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नंबरावर. तरी नाही तर कोणीतरी घरी जायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. सेल संपलेले असतात, बाळाला पुन्हा दाखल केलेलं असतं. पण काही जणींनी आकडा फार वर आला म्हणून घाबरून मोजणंच सोडलेलं असतं, आणि तोच आकडा आपल्याला हवा असतो. पुरवणाऱ्या कंपन्या 'इतके टक्के बायकांनी नियमित रीडिंग पाठवली' असं कौतुकाने दाखवतात. मी उरलेल्यांची नावं मागते.

किती दिवस? दोन आठवडे दिवसातून दोनदा, मग बीपी स्थिरावलं की आठवड्यातून दोन-तीनदा, सहा आठवड्यांपर्यंत. तरीही न उतरलेल्यांना थेट फिजिशियनच्या हवाली करा, चिठ्ठीवर नको, तारीख घेऊन. ज्यांना गरोदरपणात मधुमेह होता त्यांना याच यंत्रणेतून चार ते बारा आठवड्यांच्या मध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या तपासणीची आठवण पाठवा. ही तपासणी हमखास राहून जाते.

राहिलं अ‍ॅप. पासवर्ड मागणारं नको. एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आकडा भरता आला पाहिजे, इंटरनेट गेलं तर साध्या मेसेजने जाता आलं पाहिजे, आणि पाठवल्याबरोबर 'पोचलं, आता हे करा' असं उत्तर परत आलं पाहिजे. 'हा फोन तातडीच्या सेवेचा पर्याय नाही' हे वाक्य त्यात ठळक हवं. एवढं जमणारं कुठलंही चालेल.

पहिलं यंत्र वाटण्याआधी एक चाचणी करा. कोणालाही न सांगता, रविवारी पहाटे तीन वाजता स्वतःच्या फोनवरून १६४/११२ पाठवा आणि घड्याळ लावून बसा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला फोन आला तो उजाडल्यावर, आणि तोही 'यंत्रात काही बिघाड आहे का' हे विचारायला.